पासपोर्टची चिप आणि गाडीचं हँडल

माझा भाचा कंपनीच्या कामासाठी तीन महिने जोहान्सबर्गला निघालाय. तिथल्या लुटालुटीच्या बातम्यांनी घरात सगळ्यांच्या जिवाला घोर लागलाय. मध्ये अमावास्या येते म्हणून ताईने आधीच्या चांगल्या दिवशी शेजारी प्रस्थान ठेवलं, म्हणजे प्रवास सुरू झाला असं मानून सामानाची एक पिशवी शेजारच्या घरी नेऊन ठेवली, आणि भाच्याने 'चिप चोरी', म्हणजे पासपोर्टच्या चिपमधली माहिती लांबून चोरणं, रोखणारा पाउच आणला, चांगला नऊशे रुपयांचा. ताईची माया मला कळते. पण प्रस्थानाच्या पिशवीने तिकडचा चोर थांबत नाही, आणि पाउच ज्या चोरीपासून वाचवतो ती चोरी कशी अवघड आहे, हे मला सांगायचंय.

ई-पासपोर्ट आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्येच तयार होतो. कव्हरवर छोटं सोनेरी चिन्ह असतं, आत चिप आणि तिला जोडलेले तारेचे वेढे. चिपला बॅटरी नसते. वाचणारं यंत्र सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा कंप पावणारं चुंबकीय क्षेत्र तयार करतं आणि त्यातून चिपच्या वेढ्यांत वीज निर्माण होते. शाळेत शिकलेलं फॅरेडेचं प्रवर्तन ते हेच.

गंमत अंतरात आहे. यंत्राच्या वेढ्यापासून जरा लांब गेलं की हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या हिशेबाने घटतं. अंतर दुप्पट, तर क्षेत्र आठवा हिस्सा. चिपला मिळणारी शक्ती क्षेत्राच्या वर्गावर ठरते, म्हणजे ती थेट चौसष्टावा हिस्सा! शिवाय चिप उत्तर देते तेही स्वतः लहरी सोडून नव्हे, तर आपला विद्युतभार कमीजास्त करून. यंत्राला तो आपल्याच क्षेत्रातला बारीकसा फरक म्हणून जाणवतो. परवा जेवणाच्या टेबलावर आम्ही करून पाहिलं. फोन पासपोर्टला चिकटवला की थरथरायचा, मध्ये आडवी मूठ ठेवली की गप्प. आणि चिकटवूनही चिप माहिती देत नाही. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख यांतून बनणारी किल्ली आधी द्यावी लागते. ती फोटोच्या पानावर खाली छापलेल्या दोन ओळींत असते, म्हणजे आधी पासपोर्ट उघडायला हवा.

दक्षिण आफ्रिकेत रेडिओलहरींच्या जोरावर खरोखर होणारी चोरी वेगळी आहे, रिमोट जॅमिंग. मॉलच्या पार्किंगमध्ये तुम्ही गाडी लावता, चालता चालता मागे न बघता रिमोट दाबता. त्याच क्षणी चोर त्याच फ्रिक्वेन्सीचा दुसरा रिमोट, बऱ्याचदा फाटकाचा, दाबून धरतो. तो गाडीपासून ४ मीटरवर, तुम्ही २० मीटरवर. इथे शक्ती अंतराच्या वर्गाने घटते, म्हणून दोन्ही रिमोट सारखेच असले तरी गाडीला त्याचा आवाज तुमच्यापेक्षा २५ पट मोठा. समोर नाशिक ढोल वाजत असताना रस्त्यापलीकडून कुणी हाक मारावी, तशी तुमची आज्ञा बुडते. रिमोटचा कोड दर वेळी बदलतो, पण त्याचा इथे काही उपयोग नाही, कारण चोर कुलूप फोडतच नाही. तो फक्त गाडीला ऐकू देत नाही. दार उघडं राहतं आणि बॅग जाते.

उपाय फुकट आहे. गाडीपाशीच उभं राहून रिमोट दाबायचा, दिवे लुकलुकले का पाहायचं आणि हँडल ओढून बघायचं. भाचा आठवडाभर आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये हाच सराव करतोय.

बाकीचं थोडक्यात. सिग्नलला काच फोडून सामान पळवतात, म्हणून बॅग आणि लॅपटॉप निघण्यापूर्वीच डिकीत. पार्किंगमध्ये पोहोचल्यावर डिकी उघडून ठेवू नये, बघणारे बघत असतात. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, खिशात झेरॉक्स. रात्री पायी फिरायचं नाही. कुणी शस्त्र दाखवलं तर फोन देऊन टाकायचा. पोलिसांचा नंबर १०१११, मोबाइलवरून ११२. भारताचं वाणिज्य दूतावास जोहान्सबर्गमध्येच आहे. त्याचा पत्ता आणि फोन ताईने वहीत उतरवून घेतलाय.