आफ्रिकी नाटकांतील पात्रनामे : पार्श्वभूमी

नायजेरियातील योरुबा समाजातल्या नावांच्या पूर्वपदावरून घराणे ओळखता येते : 'अदे' म्हणजे मुकुट, अर्थात राजकुळ, 'ओगुन' हा लोखंडाचा आणि शिकाऱ्यांचा देव, 'फा' हे दैवज्ञांच्या इफाचे, म्हणजे भविष्यकथनाच्या विद्येचे, रूप. नायजेरियात १९६८ मध्ये रंगमंचावर आलेल्या 'द गॉड्स आर नॉट टू ब्लेम'मध्ये राजा अदेतुसा, दैवज्ञ फाकुनले आणि शिकारी ओगुनदेले ही नावे याच संकेताने आली आहेत. राजपुत्र असूनही शिकाऱ्याच्या घरी वाढलेल्या नायकाचे नाव मात्र ओदेवाले, म्हणजे 'शिकारी घरी आला', असे आहे, आणि त्याची शोकांतिका घरी परतण्यातच आहे.

खरा वाद 'डेथ अँड द किंग्ज हॉर्समन' (१९७५) या नाटकातील 'एलेसिन' या पात्राला व्यक्तिनाव का नाही, याविषयी आहे. दिवंगत राजामागोमाग विधिपूर्वक मरण पत्करणाऱ्या मानकऱ्याला ब्रिटिश अधिकाऱ्याने अडवल्याच्या, ओयो या योरुबा नगरातील १९४० च्या दशकातील घटनेवर ते आधारलेले आहे. 'एलेसिन' हे घोडेस्वाराचे पद असून पात्रयादीत या मानकऱ्याचे व्यक्तिनाव दिलेले नाही. 'इयालोजा' (बाजाराची माता) हेही पदच. भाट नुसता भाट राहतो, नववधूला तर नावच नाही. उलट गोऱ्यांच्या चाकरीतील हवालदार अमुसा (हमझाचे योरुबा रूप) आणि नोकर जोसेफ यांना व्यक्तिनावे आहेत, आणि तीही बाहेरून आलेल्या धर्मांची. ही केवळ विधिनाट्याची रीत आहे, असे काहींचे मत आहे. ते मान्य केले तर नाटकातील मूळ पेचच निसटतो, कारण लग्नाच्या रात्री पाय अडखळतो तो माणसाचा, बट्टा लागतो तो पदाला, आणि बापाच्या जागी मरून भरपाई करतो तो इंग्लंडात शिकलेला, स्वतःचे नाव असलेला एलेसिनचा मुलगा ओलुंदे.

दक्षिण आफ्रिकेत नावाचा प्रश्न कुळाकडून कागदपत्रांकडे वळला. केपटाउनमध्ये १९७२ साली सादर झालेल्या 'सिझवे बान्सी इज डेड'मध्ये पोर्ट एलिझाबेथला राहण्याची परवानगी संपलेला सिझवे ('इसिझ्वे' म्हणजे राष्ट्र) मृत रॉबर्ट झ्वेलिंझिमाचे पासबुक (वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना बाळगावे लागणारे ओळखपत्र) घेतो. बायकामुले ज्या नावावर आहेत ते सोडायला तो सुरुवातीला तयार नसतो. त्याला आसरा देणारा बुंटू त्याला समजावतो की पासबुकाशिवाय शहरात काम मिळणार नाही, आणि कामावाचून त्या बायकामुलांना पैसेही धाडता येणार नाहीत.