बर्फात चालवायच्या गाडीच्या टायरची रुंदी

बर्फात टायर रुंद हवा की अरुंद, हा प्रश्न जर्मनी, कॅनडा, स्वीडनकडे थंडी आली की हमखास निघतो, आणि पहिल्यांदा विचारणाऱ्याला वाटतं रुंदच घ्यावा, जास्त रबर म्हणजे जास्त पकड. रस्त्यावर पडलेल्या बर्फात बहुतेक वेळा उलटंच असतं.

हवेचा दाब तेवढाच असेल तर जमिनीला टेकणारा भाग दोन्ही टायरांत साधारण सारखाच भरतो, फक्त रुंद टायरचा आडवा-आखूड आणि अरुंदचा लांबट. त्यामुळे अरुंद टायरला पुढचा बर्फ कमी बाजूला सारावा लागतो आणि तो चिरत खाली डांबरापर्यंत किंवा दाबलेल्या घट्ट थरापर्यंत पोचतो. रुंद टायर मात्र अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या चिखलावर तरंगायला लागतो, पावसात पाण्यावर गाडी घसरते ना, तसंच, आणि मग स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते. स्वीडनच्या रॅलीत, म्हणजे बर्फावरच्या मोटार शर्यतीत, गाड्यांना अरुंद, खिळेवाले टायर लावतात ते यासाठीच, वरचा भुसभुशीत बर्फ कापून खिळे खालच्या कडक थरात रुतले पाहिजेत.

पण हा नियम सगळीकडे लागू नाही. आइसलँडच्या हिमनद्यांवर बर्फ इतका खोल की खाली रस्ताच नसतो, तिथे कापत गेलात तर गाडी पोटावर बसणार, म्हणून तिथल्या जीपना ३८ ते ४४ इंच उंचीचे जाडजूड टायर लावून हवा भरपूर कमी करतात आणि वरून तरंगत जातात. कोरड्या थंड डांबरावर आणि नुसत्या गुळगुळीत बर्फावरही अरुंद टायरचा खास फायदा नाही, कोरड्यावर तर ब्रेक मारताना रुंदच बरा पडतो.

साइज कमी कसा करायचा? २२५/४५ आर १७ म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्याच्या ४५ टक्के आणि रिम १७ इंची. हा टायर असलेल्या गाडीला बऱ्याचदा २०५/५५ आर १६ किंवा १९५/६५ आर १५ चालतो, तिन्हींचा बाहेरचा व्यास ६३२ ते ६३५ मिलिमीटरच्या आसपासच येतो, म्हणून स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. छोटा रिम स्वस्त पडतो आणि उंच साइडवॉलमुळे खड्ड्यात रिम वाकायची भीतीही कमी.

अर्थात रुंदीआधी रबर बघा. साधारण ७ अंशांखाली उन्हाळी टायर कडक होतो, मग तो कितीही अरुंद असो, उपयोग शून्य. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फ धरून ठेवतात, कारण बर्फाला बर्फच चांगला चिकटतो. साइडवॉलवर तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह असावं. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाच्या रस्त्यावर नुसता एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) शिक्का चालत नाही.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, गाडीला लागतो त्याहून खाली जाऊ देऊ नका, आणि १५ इंची रिम घ्यायच्या आधी तो ब्रेक कॅलिपरवर (चाकाआतला, ब्रेक पॅड दाबणारा भाग) बसतो का ते बघा, मोठ्या ब्रेकवाल्या गाड्यांत तो बसतच नाही.