व्हेगासला जाताना सोबत पिस्तूल? परमिट कोणाला मिळतं, कागद कुठले लागतात आणि व्हिसावाल्यांनी आधी काय बघायचं

लाँग वीकेंड जवळ आला की आमच्याकडे व्हेगासचे प्लॅन सुरू होतात, हॉटेल कुठलं, व्हेज जेवण कुठे मिळतं, आईबाबांना ग्रँड कॅनियनला कसं न्यायचं, आणि हल्ली त्यात हमखास एक प्रश्न असतो की तिकडे रात्रीबेरात्री फिरायला सेफ आहे का आणि पिस्तूल जवळ ठेवता येतं का. मी कॅलिफोर्नियात राहतो, ग्रीन कार्ड आल्यावर नेवाडाचं, म्हणजे व्हेगास ज्या राज्यात आहे तिथलं, पिस्तूल लपवून बाळगायचं नॉन-रेसिडेंट (बाहेरच्या राज्यातल्यांसाठीचं) परमिट काढलंय, म्हणजे क्लास, ठसे, वाट बघणं हे सगळं स्वतः केलंय, त्यामुळे एकदा नीट लिहून ठेवतो. मी वकील नाही, तुमच्या केसमध्ये काही गुंता असेल तर इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचारा, इथे कंजूषी करू नका.

सगळ्यात आधी तुमचं इमिग्रेशन स्टेटस बघा, कारण फी, क्लास, फॉर्म हे सगळं त्याच्यानंतर येतं. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायच्या नाहीत. एच-वन बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, बी-टू, सगळे यात आले. तुम्ही दहा वर्षं टॅक्स भरताय, घर घेतलंय, मुलं इथे जन्मलीत, याने काही फरक पडत नाही. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरायचा अर्ज, अप्रूव्ह झालाय, प्रायोरिटी डेटच्या लायनीत उभे आहोत, तेही ग्रीन कार्ड नाहीये. कार्ड हातात येईपर्यंत या भानगडीत पडू नका असं मी सरळ सांगतो. ग्रीन कार्डवाले आणि सिटिझन यांना हे कलम लागू नाही.

आणि हे फक्त विकत घेण्यापुरतं नाहीये, इथेच आपली माणसं फसतात. व्हेगासला शूटिंग रेंज ही टुरिस्ट लोकांची मोठी हौस आहे, आईबाबा बी-टू वर आलेत, भाऊ एल-वनवर आहे, सगळे मिळून रेंजवर जाऊन फोटो काढू, असं सहज ठरतं. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेतली तरी ती तुमच्या ताब्यात आली असंच धरलं जाऊ शकतं. मी एच-वन वर होतो तेव्हा आम्ही पाच जणांनी असंच बुकिंग केलं होतं, आदल्या रात्री हॉटेलमध्ये एकाने सहज कायदा वाचायला घेतला आणि आम्ही सगळे गप्पच झालो, सकाळी बुकिंग कॅन्सल केलं, पैसे गेले, पण त्या रात्री वाचलं नसतं तर काय, हा विचार अजून येतो.

२०१९ साली सुप्रीम कोर्टात गेलेली एक केस आहे ती माहीत असू द्या. यूएईहून एफ-वनवर आलेला फ्लोरिडातला एक विद्यार्थी, कॉलेजने काढून टाकलं म्हणून स्टेटस गेलेलं, तो एका रेंजवर गेला आणि दोन बंदुका चालवून आला, तेवढ्यावरून खटला उभा राहिला आणि खालच्या कोर्टात १८ महिन्यांची शिक्षा झाली. सुप्रीम कोर्टाने पुढे म्हटलं की आपलं स्टेटस काय आहे हे त्याला माहीत होतं हेसुद्धा सरकारने सिद्ध करायला पाहिजे, म्हणून निकाल त्याच्या बाजूने लागला. पण तोपर्यंत त्या पोराची कितीतरी वर्षं कोर्टात गेली. २०२२ पासून या कलमाखाली जास्तीत जास्त शिक्षा १५ वर्षं झालीये, आधी १० होती, वर बंदुकीच्या गुन्ह्यावरून डिपोर्ट करता येतं ते वेगळंच.

ऑफिसमधला जर्मन किंवा जपानी कलीग म्हणेल की माझा भाऊ गेला होता, काही झालं नाही. त्याचं बरोबर असेल, कारण व्हिसा न लागणाऱ्या देशातून ईस्टावर, म्हणजे व्हिसाऐवजी मिळणाऱ्या ऑनलाइन परवानगीवर आलेल्या पाहुण्याला हे कलम २०१२ पासून लावत नाहीत. भारतीय पासपोर्टवर आपण व्हिसा घेऊनच येतो, त्यामुळे त्याचा अनुभव आपल्याला कामाचा नाही.

अपवाद आहे, कायद्यातच आहे, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स जवळ असेल तर व्हिसावाल्याला बंदूक हाताळता येते. शिकारीसाठी किंवा नेमबाजीच्या स्पर्धेसाठी म्हणूनच देशात प्रवेश मिळाला असेल तरी चालतं, पण तसं आपल्यात कोण येतं. ज्याला खरंच रेंजवर जायचंय त्याने हंटिंग लायसन्सचा रस्ता नीट समजून घ्यावा, ते मुदतीतलं हवं आणि त्या दिवशी जवळ हवं. नेवाडाचं काढायचं तर १ जानेवारी १९६० नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, म्हणजे सकाळी ठरवलं आणि दुपारी काढलं असं होत नाही. या अपवादावर भरवसा ठेवून लपवून पिस्तूल बाळगायचं परमिट काढायला मात्र जाऊ नका.

आता ज्यांचं स्टेटस क्लिअर आहे त्यांच्यासाठी नेवाडाचा कायदा. इथे पिस्तूल कमरेला उघड दिसेल असं लावायला राज्याचं परमिट लागत नाही, पण तेच जॅकेटखाली किंवा पर्समध्ये गेलं की ते कन्सील्ड झालं आणि त्याला परमिट लागतं. शेजारी ॲरिझोनात २०१० पासून आणि युटामध्ये २०२१ पासून परमिटशिवाय लपवून बाळगता येतं, त्यामुळे फीनिक्स किंवा सॉल्ट लेककडून येणारे लोक त्याच सवयीने बॉर्डर ओलांडतात. नेवाडात परमिटशिवाय लपवलं तर ती फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे, १ ते ५ वर्षं तुरुंग आणि १० हजार डॉलरपर्यंत दंड. शर्टाच्या एका टोकाचा फरक आहे हा, म्हणून परत परत सांगतोय.

दुसऱ्या राज्याचं परमिट असेल तर ते नेवाडात चालतं का, याची यादी राज्य दरवर्षी १ जुलैपर्यंत जाहीर करतं, निघायच्या आठवड्यात ती यादी उघडून बघा, मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या आठवणीवर जाऊ नका. आणि नेवाडात राहायलाच आलात तर बाहेरचं परमिट फार तर ६० दिवस, मग इथलं काढायचं.

इथलं परमिट शेरीफ, म्हणजे काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पोलीसप्रमुख देतो. राहणाऱ्यांनी आपल्या काउंटीच्या शेरीफकडे अर्ज करायचा, बाहेरच्यांना राज्यातल्या कुठल्याही काउंटीत करता येतो. व्हेगास म्हणजे क्लार्क काउंटी, तिथे शेरीफ म्हणजेच लास व्हेगास मेट्रोपॉलिटन पोलीस, ज्याला सगळे नुसतं मेट्रो म्हणतात, १९७३ साली शहराचे पोलीस आणि काउंटीचा शेरीफ एकत्र होऊन हे खातं झालं. वय २१ पूर्ण लागतं, सैन्यातल्यांना १८ ला मिळू शकतं.

आधी क्लास करायचा, नेवाडातल्या शेरीफने मान्य केलेला. त्यात बंदूक सुरक्षित हाताळणं असतं, गोळी कधी चालवता येते हा कायद्याचा भाग असतो आणि रेंजवर नेम दाखवावा लागतो. स्वस्तातला, अर्ध्या तासात ऑनलाइन सर्टिफिकेट देणारा क्लास घेण्याआधी तो मान्य यादीत आहे का ते बघा, माझ्या ओळखीच्या एकाचे पैसे असेच गेलेत. माझ्या क्लासमध्ये कायद्याचा भाग शिकवणाऱ्या बाई इतक्या तळमळीने बोलत होत्या की अर्धे लोक बाहेर पडताना रोज बाळगायचं की नाही याचाच परत विचार करत होते.

मग वेळ घेऊन स्वतः जायचं. सोबत भरलेला अर्ज, ज्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ, सोशल सिक्युरिटी नंबर, नोकरी कुठे हे सगळं असतं, क्लासचं सर्टिफिकेट, आपल्या राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा आयडी, आणि ग्रीन कार्डवाल्यांनी मूळ कार्ड न्यायचंच. समोरून काढलेला रंगीत फोटो आणि दहाही बोटांचे ठसे लागतात. नाव पासपोर्टवर एक, लायसन्सवर एक असं असेल, आपल्याकडे वडिलांचं नाव मधे घालायच्या पद्धतीमुळे हा घोळ फार होतो, तर अर्जात आधीची सगळी नावं लिहा, काही दडवलं असं दिसता कामा नये, कारण अर्जातली खोटी माहिती हेच नाकारायचं कारण होऊ शकतं. शेरीफची फी कायद्याने ६० डॉलरच्या वर नेता येत नाही, ठसे आणि बॅकग्राउंड चेकचे पैसे वेगळे, आणि अर्ज नाकारला तरी फी परत मिळत नाही.

अर्ज पूर्ण असेल तर १२० दिवसांत हो किंवा नाही सांगावंच लागतं. नाकारला तर लेखी कारण देतात आणि त्यावर डिस्ट्रिक्ट कोर्टात जाता येतं. म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या ट्रिपसाठी ऑक्टोबरात अर्ज करून भागत नाही, उन्हाळ्यातच करा. मिळालं की ५ वर्षं चालतं.

कोणाला मिळत नाही ती यादी लांब आहे, त्यातलं आपल्या लोकांना लागू होईल असं सांगतो. गेल्या ५ वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा झालेली असेल तर अडचण येते, गेल्या ५ वर्षांत मानसिक उपचारांसाठी ॲडमिट होतात, मग ते स्वतःहून का असेना, तरी येते, घरगुती हिंसेची शिक्षा किंवा त्यावरून कोर्टाचा मनाई हुकूम असेल तर विषयच संपला. वॉरंट बाकी असणं, प्रोबेशनवर असणं, फेलनी, ही कारणं तर आहेतच. आणि गांजा, नेवाडात २०१७ पासून दुकानात मिळतो म्हणून तो सगळ्या बाबतीत चालतो असं लोक समजतात, पण फेडरल सरकार अजून तो बेकायदा धरतं आणि बंदूक घेताना भरायच्या ४४७३ नंबरच्या फॉर्ममध्ये हा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो, खोटं उत्तर हा वेगळा गुन्हा.

परमिट मिळालं तरी सगळीकडे नेता येत नाही. शाळा, पाळणाघर, युनिव्हर्सिटीचं कॅम्पस हे बंद, यूएनएलव्ही ही व्हेगासची युनिव्हर्सिटी स्ट्रिपपासून, म्हणजे मोठ्या कसिनोंच्या रस्त्यापासून अगदी जवळ आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथे गोळीबारात तीन प्राध्यापक गेले, तिथे भाचीला भेटायला जाताना विसरून चालणार नाही. एअरपोर्टची इमारतही बंद, म्हणजे हॅरी रीडवर आईबाबांना घ्यायला टर्मिनलमध्ये जाताना कमरेला काही नको. ज्या सरकारी इमारतीत प्रत्येक दारावर मेटल डिटेक्टर किंवा पाटी आहे तिथेही नाही, आणि पोस्ट ऑफिससारख्या फेडरल इमारतीत कधीच नाही. बाळगताना परमिट आणि आयडी दोन्ही खिशात हवेत, पोलिसाने मागितलं की दाखवायचे, नसतील तर २५ डॉलर दंड.

कसिनो खाजगी जागा आहेत आणि स्ट्रिपवरच्या बहुतेकांना बंदूक नकोच असते. त्यांनी सांगितलं की निघायचं, वाद घालत थांबलात तर ट्रेसपासिंग होतं. व्हेगासला जाणारा माणूस बहुतेक वेळ कसिनोच्या छताखालीच असतो, राहायला तिथेच, जेवायला तिथेच, मग पिस्तूल गाडीत राहतं, गाडी व्हॅलेकडे, म्हणजे हॉटेलच्या पार्किंगवाल्याकडे जाते, आणि चोरीला गेलं तर आयुष्यभराची टोचणी. माझं मत विचाराल तर दोन रात्रींच्या ट्रिपला ते घरीच तिजोरीत असलेलं बरं. मी स्वतः परमिट असून बहुतेक वेळा नेत नाही. १ ऑक्टोबर २०१७ ला मँडले बेच्या ३२ व्या मजल्यावरून खालच्या मैफलीवर गोळ्या झाडल्या, ६० माणसं गेली, त्यानंतर घाबरून पिस्तूल घेतलेले लोक मला भेटलेत, त्यांची भीती मला कळते, पण खाली गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला कमरेचं पिस्तूल त्या रात्री काय कामाचं होतं.

गाडीने नेणार असाल तर कॅलिफोर्नियाच्या हद्दीत पिस्तूल रिकामं आणि कुलूपबंद पेटीत किंवा डिकीत हवं, ग्लव्ह कंपार्टमेंट कुलूप लावलं तरी चालत नाही, आणि कॅलिफोर्निया दुसऱ्या राज्याचं परमिट मानत नाही, म्हणजे परतताना हद्दीवरचं प्रिम गाव सोडण्याच्या आधीच सगळं आवरून ठेवायचं. विमानाने असेल तर रिकामं, कडक कुलूपबंद पेटीत, चेक-इन बॅगेत, आणि काउंटरवर स्वतःहून सांगायचं.

हूवर धरणावर जाणार असाल तर धरणाच्या अलीकडेच गाड्या तपासतात आणि धरणावर बंदूक चालत नाही. काचेचा स्कायवॉक असलेला ग्रँड कॅनियन वेस्ट हा हुआलापाई लोकांच्या जमिनीवर आहे, तिथे त्यांचे नियम, तुमचं राज्याचं परमिट तिथे आपोआप लागू होत नाही.

व्हिसावाल्यांनी आणि आईबाबांनी सुरक्षेसाठी काय करायचं तर साधंच आहे, रात्री उजेडातल्या रस्त्याने चाला, पासपोर्ट रूमच्या लॉकरमध्ये ठेवून फोटोकॉपी जवळ ठेवा, काही झालं तर ९११. स्ट्रिपवरच्या पादचारी पुलांवर थांबायला २०२४ पासून बंदी आहे, आईला फोटो काढायचा असेल तर पूल उतरून काढा. पेपर स्प्रे हँडबॅगेत विमानात चालत नाही, चेक-इन बॅगेत चार औंसांपर्यंतची, चुकून दाबली न जाणारी एक बाटली टीएसए (विमानतळावर तपासणी करणारं सरकारी खातं) चालवून घेतं, पण काही एअरलाइन तेही घेत नाहीत, आधी विचारा.

रेंजवर जाऊन आलेल्यांनी अजून एक करायचं, भारतात जाण्याआधी त्या दिवशीची बॅग, जॅकेटचे खिसे आणि मुलांच्या सॅक उलट्या करून झाडा. आठवण म्हणून उचललेलं रिकामं काडतूससुद्धा नेऊ नका, आणि त्यात चुकून एखादी जिवंत गोळी मुंबई एअरपोर्टच्या स्कॅनरमध्ये दिसली तर १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली केस होते, मग पुढची फ्लाइट राहते बाजूला.