कवटीची क्ष-किरण तपासणी

डोक्याच्या व चेहऱ्याच्या हाडांची क्ष-किरणांनी प्रतिमा घेऊन रोगनिदान करण्याची पद्धत. बेळगाव सीमाभागात ती ‘डोक्याचा फोटो’ म्हणून ओळखली जाते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. पुढे व्हिएन्नाचे डॉक्टर आर्थर शूलर यांनी कवटीच्या प्रतिमांचा पद्धतशीर अभ्यास केला.

हाडातील कॅल्शियम किरण शोषून घेते, त्यामुळे हाड पांढरे उमटते. मेंदू व त्यात साकळलेले रक्त मात्र एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाही. कवटीच्या दोन्ही बाजू प्रतिमेत एकमेकींवर पडत असल्याने समोरून व बाजूने अशा निदान दोन प्रतिमा घेतात. हाड मोडल्याची रेषा काळी व धारदार दिसते, कवटीची शिवण (दोन हाडांमधील सांधा) नागमोडी असते, तर रक्तवाहिनीच्या खाचेला फाटे फुटलेले असतात. हा फरक ओळखण्यास सरावलेली नजर लागते, विशेषतः लहान मुलांत, कारण त्यांच्या शिवणी अद्याप जुळून आलेल्या नसतात.

निपाणी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यातून पुणे–बंगळूर महामार्ग जातो, आणि दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा ‘फोटो नॉर्मल आला’ एवढ्यावर नातेवाईक निश्चिंत होण्याचा धोका असतो. हाड शाबूत असूनही आत रक्तस्राव होऊ शकतो, तसेच हाड मोडूनही मेंदू सुखरूप राहू शकतो. म्हणून शुद्ध हरपणे, वारंवार उलट्या, झटके किंवा कानानाकातून रक्त वा पाणी येणे अशी लक्षणे असल्यास फोटोत वेळ न दवडता सीटी स्कॅनची (आतील भागाचे छेद दाखवणाऱ्या संगणकीय क्ष-किरण तपासणीची) सोय असलेले रुग्णालय गाठावे. मग ते खानापूरकरांना बेळगावात सोयीचे असो, निपाणीकरांना कोल्हापुरात किंवा अथणीकरांना मिरजेत. सीटी स्कॅनचा रुग्णावर पहिला वापर १९७१ मध्ये लंडनला झाला, आणि पुढे डोक्याच्या दुखापतीत साध्या फोटोचे महत्त्व ओसरले.

तरीही त्याचे काही उपयोग टिकून आहेत. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात कवटीवर ठोकून पाडल्यासारखी गोल छिद्रे दिसतात. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारात अस्थिमज्जा फुगून हाडावर उभ्या केसांसारख्या रेषा उमटू शकतात. पॅजेट या हाडांच्या विकारात हाड जाड होते. तान्ह्या मुलाची शिवण अकाली जुळली आहे काय, मेंदूतील पाणी पोटात सोडणारी शंटची नळी कोठे तुटली आहे काय, किंवा एमआरआय या चुंबकाने होणाऱ्या तपासणीपूर्वी डोळ्यात धातूचा कण आहे काय, हेही त्यावरून पाहता येते.

तपासणीपूर्वी केसांतील पिना, कर्णभूषणे, नथ व कवळी काढावी लागते. किरणांची मात्रा साधारण ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी असते, तर डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये ती सुमारे २ मिलिसीव्हर्ट असते.