नांगर धरत नाही म्हणून फोन करण्याआधी एवढं वाचा

नवीन बोट घेतलीत, अभिनंदन. १६ फुटी फायबर बोट आणि ४० एचपीचं इंजिन म्हणजे किहीम, नागाव, काशीद हे सगळं तुमचंच अंगण झालं, पण दर सोमवारी वर्कशॉपवर जे फोन येतात त्यातले निम्मे एकाच गोष्टीचे असतात, "नांगर हलका आहे, जड द्या". म्हणून हे कागदावर लिहून दिलं.

नांगर हलका नाहीये. दोर कमी सोडताय.

नांगर वजनाने धरत नाही, तो आडवा ओढला गेला की त्याची पाती वाळूत रुततात म्हणून धरतो. दोर कमी असला की बोट त्याला वर खेचते, आणि वर खेचला की तो निघतोच, आपण स्वतः नांगर काढताना तेच तर करतो ना. मग ५ किलोचा काय आणि १० चा काय.

आता हिशोब. नागावचा एक किस्सा सांगतो, गिऱ्हाईक आपलंच आहे म्हणून नाव नको. संकष्टी होती, सकाळी ९ ला पोचले, पाणी २ मीटर, ८ मीटर दोर सोडला, बोट छान उभी, मंडळी वाळूवर साबुदाण्याची खिचडी खायला. आपल्याकडे भरतीचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची, चतुर्थी म्हणजे ३ वाजता भरती (अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघा). म्हणजे ९ ला ओहोटी होती आणि ३ ला पाणी तीनेक मीटर चढलं. २ चं ५ झालं, वर नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासून उंची पाऊण मीटर, म्हणजे पावणेसहा, आणि दोर फक्त ८ मीटर. दीडपटसुद्धा नाही, ओढ आडवी राहायच्या ऐवजी तिरकी वर! त्यात दुपारचा खारा वारा सुटला आणि बोट चालली किनाऱ्याकडे. नशीब खडप (खडकाळ जागा) नव्हतं. इंजिनाच्या पंख्याची पाती वाकली, बोट वाळूत आडवी, आणि आम्ही ट्रॉली घेऊन जाऊन ती रात्री ८ ला काढली. इतका वेळ गेला आणि वर "तुमचा नांगर बेकार" हे ऐकून घ्यायचं.

तर भरतीला होणारी खोली अधिक नाळेची उंची, त्याच्या निदान पाचपट दोर. वरच्या उदाहरणात २९ मीटर. वारा जास्त असेल किंवा बोट सोडून जेवायला जाणार असाल तर सातपट. आपल्या बाजूला उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास) भरती-ओहोटीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो, भांगाला (अष्टमीच्या सुमारास) दीडच्या आसपास. अलिबागच्या ज्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीला लोक चालत जातात तिथेच भरतीला बोट लागते, हे डोळ्यांनी बघूनही नांगर टाकताना विसरायला होतं बघा.

रविवारी गर्दी असते, इतका दोर सोडला तर बोट फिरून दुसऱ्यावर आपटेल, हे बरोबर आहे. तेव्हा दोर कमी करू नका, थोडं लांब जाऊन उभे राहा. बनाना राईडवाल्यांपासून तर लांबच.

नांगर भिरकावू नका. नाळ वाऱ्याकडे करून थांबा, बोट मागे सरकायला लागली की हळू खाली सोडा, दोर देत जा, शेवटी हलका रिव्हर्स मारून ओढून बघा. मग किनाऱ्यावरचा, बोटीच्या बाजूला दिसणारा एक माड आणि त्याच्यामागचं घर एका रेषेत धरा, दहा मिनिटांनी रेष मोडली असेल आणि मोडतच चालली असेल तर नांगर घसरतोय. दोर नेहमी नाळेलाच बांधायचा, मागे इंजिनाच्या बाजूला कधीच नाही, तिकडे वजन असतं आणि लाट सरळ आत येते. लाटा फुटतात तिथे नांगर टाकायचाच नाही. आणि भरतीला बोट पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) चढवून ठेवली तर ओहोटीला ती तिथेच बसणार, चार माणसांनी ढकलून हलत नाही, सहा तास वाट बघा नाहीतर आम्हाला फोन करा (ट्रॉलीचे पैसे लागतात).

बोटीबरोबर आम्ही ५० मीटर नायलॉनचा दोर आणि ४ मीटर साखळी देतो तेव्हा बरेच जण म्हणतात "हे कमी करा, हजार-दोन हजार वाचतील". साखळी दोराचं टोक खाली दाबून ठेवते म्हणून ओढ आडवी राहते, आणि नायलॉन ताणतो, लाटेचा झटका खातो. दोर आमच्याकडूनच घ्या असं नाही, पण बाजारातला तो निळा-हिरवा हलका दोर पाण्यावर तरंगतो आणि पंख्यात गुंडाळतो. घेण्याआधी तुकडा बादलीत टाकून बघा. खडपाच्या जागी काटेरी नांगर चालतो, वाळूत तो नुसता फरफटतो, तिथे चपट्या पात्यांचा डॅनफोर्थच.

घरी आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं ते माहितीच आहे.

दोरावर दर ५ मीटरला रंगीत दोऱ्याची खूण असली की अंदाज लागतो. जुना दोर असेल तर सर्व्हिसिंगला येताना घेऊन या, खुणा बांधून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.