सापळ्याला नेमकं कोण चिकटलंय ते बघा

पिवळा चिकट सापळा चार दिवसांत गच्च भरला की बरं वाटतं, किती किडे मेले बघा म्हणून फोटो पण काढला जातो. तेच कार्ड एकदा भिंगाखाली धरा. पांढरी माशी, मावा, तुडतुडे तर असणारच, पण मधेच मावा खाणारा एखादा ढालकिडा पंख अर्धे उघडे टाकून चिकटलेला दिसेल, जाळीदार पंखांची हिरवट क्रायसोपा दिसेल (हिची अळीही मावा खाते) आणि धुळीचा कण समजून आपण सोडून देतो त्यातला एखादा चक्क एन्कार्सिया निघेल. हा एक मिलिमीटरपेक्षाही छोटा कीटक पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडं घालतो आणि त्यातून निघालेली अळी आतून ते पिल्लू फस्त करते. आता गंमत अशी की पांढरी माशी पिवळ्याकडे खेचली जाते तसा हा पण जातो, म्हणजे चोर पकडायला लावलेल्या सापळ्यात पोलीसच.

दिव्याच्या सापळ्याचं तर विचारूच नका, उजेड दिसला की कोणीही येतं. तिथे खाली रॉकेलपाण्याचं टोपलं ठेवायच्या ऐवजी जाळीची पेटी लावली तर छोटे मित्रकीटक, म्हणजे किडींना मारणारे कीटक, भोकांतून निसटतात आणि मोठे पतंग आत राहतात. शिवाय दिवा रात्रभर जाळत ठेवायची काही गरज नसते.

मला विचाराल तर सगळ्यात हुशार सापळा कामगंधाचा. मादी नराला बोलवायला जो वास सोडते तोच आपण ल्यूरमधे, म्हणजे सापळ्यातल्या आमिषाच्या वडीत, भरतो. असा वास पहिल्यांदा ओळखला जर्मन शास्त्रज्ञ ॲडॉल्फ ब्युटेनांट यांनी 1959 साली, रेशीमकिड्यात, आणि त्यासाठी जवळपास 5 लाख माद्या लागल्या. वास किती नेमका असतो बघा, घाटेअळीच्या मादीच्या गंधात दोन मुख्य पदार्थ असतात, साधारण 97 ला 3 अशा प्रमाणात. तिची जवळची नातेवाईक हेलिकोव्हर्पा असल्टा, ती हेच दोन पदार्थ वापरते पण प्रमाण जवळजवळ उलटं, त्यामुळे एकीचा नर सहसा दुसरीच्या वाटेला जात नाही. मग ढालकिड्याला त्या वासाचं काय पडलंय.

अर्थात इथेही सगळं गोड नाही. एक तर फक्त नर सापडतात आणि एक वाचलेला नर बऱ्याच माद्यांना पुरतो, म्हणून थोडेसे सापळे लावून कीड संपेल असं धरू नका, ते कीड कधी आली नि किती आली हे कळायला. दुसरं म्हणजे ट्रायकोग्रामा, पतंगाच्या अंड्यात अंडी घालणारा, तो मादीचा हा गंध चोरून हुंगतो, कारण जिथे मादी तिथे अंडी मिळणार, म्हणजे तोही ल्यूरकडे ओढला जाऊ शकतो. आणि वास कितीही नेमका असला तरी डब्याचा रंग पांढरा किंवा पिवळा असला की मधमाश्या नि भुंगे फूल समजून आत शिरतात, हिरव्या डब्यात तेवढे शिरत नाहीत.

चिकट कार्डं टाकून द्या असं मी म्हणत नाही. मोजणीपुरती थोडी ठेवा, पिकाच्या शेंड्याच्या उंचीला, वर मोठ्या भोकांची जाळी गुंडाळली तर ढालकिडे नि मधमाश्या वाचतात, एन्कार्सिया मात्र त्यातूनही आत जाणारच. म्हणून मित्रकीटक सोडायच्या दिवसांत बाकीची कार्डं काढूनच टाकावीत. ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा सोडायचं कार्ड, पानाला टाचायचं आणि हातभर अंतरावर पिवळा सापळा तसाच लटकत ठेवायचा, हे मी पाहिलंय आणि खरं सांगायचं तर एकदा स्वतःही केलंय.