आईचे बालपणीचे आघात आणि अर्भकाचे आरोग्य

आईने लहानपणी सोसलेली मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड किंवा घरातले व्यसन व हिंसाचार यांचा तिच्या बाळाच्या प्रकृतीवर आणि वाढीवर होणारा परिणाम. अशा आघातांची मोजदाद व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांच्या 1998 मधील अमेरिकी अभ्यासामुळे रूढ झाली. जितके अधिक प्रकारचे आघात, तितके मोठेपणी हृदयविकार, नैराश्य आणि व्यसनाचे प्रमाण जास्त, असे त्यात दिसले. त्यानंतर संशोधकांचे लक्ष पुढच्या पिढीकडे वळले.

परिणामाची सुरुवात गरोदरपणातच होऊ शकते. अशा स्त्रियांमध्ये नैराश्य, धूम्रपान आणि जुनाट आजार अधिक आढळतात. अपुऱ्या दिवसांची प्रसूती व कमी जन्मवजन यांचा धोकाही वाढतो. आईच्या रक्तातले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक बाळापर्यंत फारसे पोचू नये म्हणून वारेतले (प्लासेंटातले) एक विकर (एन्झाइम) त्यातले बरेचसे निष्क्रिय करते. दीर्घ ताणात हा बंदोबस्त ढिला पडतो, असे प्राण्यांवरील प्रयोग सुचवतात.

जन्मानंतर सगळे आई-बाळाच्या रोजच्या देवाणघेवाणीवर येते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या 1970 च्या दशकातील प्रयोगात आई दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसते, हात पुढे करते, मग मान फिरवते, शेवटी रडू लागते. नैराश्याने ग्रासलेल्या आईच्या बाळाला असा चेहरा दिवसदिवस पाहावा लागू शकतो. त्यात आईला दोष देणे अन्यायाचे आहे; तिला स्वतःला कोणी सावरलेलेच नसते.

आघात पुढच्या पिढीत उतरतोच असे मात्र नाही. आघातांचा आकडा मोठ्या समूहाबद्दल सांगतो, एकट्या आईचे भाकीत त्यावरून करता येत नाही. बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये साडेपाच महिन्यांच्या एका मुलीची हकीकत नोंदवली. ती घसा बसेपर्यंत रडायची. आई शेजारीच असून तिला ते जणू ऐकू येत नसे. उपचारकांनी आईला बाळ कसे धरावे हे शिकवले नाही, तिच्याच बालपणाचे दुःख ऐकून घेतले. काही बैठकींनंतर आई रडता रडता लेकीला उचलून छातीशी धरू लागली. फ्रायबर्ग यांच्या निरीक्षणानुसार, लहानपणी काय घडले एवढेच नव्हे, तर तेव्हा कसे वाटले हेही ज्यांना आठवते, ते पालक तेच आपल्या मुलांशी सहसा करत नाहीत. आई आणि बाळाला एकत्र बसवून करण्याची उपचारपद्धती याच कामातून वाढली.